व्हीपीएनवरून रिमोट डेस्कटॉप मधेच गोठतो, तेव्हा नेमकं अडकतं कुठे?

व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित बोगद्यातून, घरून ऑफिसच्या संगणकावर काम चालू आहे. त्याची स्क्रीन रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत दिसते आहे. एक्सेलमध्ये आकडे भरताना स्क्रीन अचानक जागच्या जागी थांबते. माउसचा बाण हलतो, पण क्लिक लागत नाही. कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नाही. कसलाही एरर येत नाही आणि व्हीपीएन ‘कनेक्टेड’च दाखवतो. वैतागून खिडकी बंद करून पुन्हा जोडलं की सगळं होतं तिथेच असतं, आणि स्क्रीन गोठलेली असताना दाबलेल्या कळाही शीटमध्ये उमटलेल्या दिसतात.

या शेवटच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. कळा ऑफिसपर्यंत पोचल्या होत्या, पण परतीचं चित्र आलं नव्हतं. म्हणजे जायची वाट चालू होती आणि यायची बंद. कधी वेगळंच घडतं. वीस सेकंद काहीच होत नाही आणि मग टाइप केलेलं सगळं एकदम भराभर उमटतं. तिथे वाट बंद नसते, तुंबलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे लॉगिन होतं आणि पुढे नुसती काळी स्क्रीन. तिन्हींना आपण ‘हँग झालं’ म्हणतो, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या दहा सेटिंग एकदम बदलू नका. अडथळा कुठे आहे ते आधी शोधा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

(खाली कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडेच वापरायचे.)

तीन खिडक्या उघडा

कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या शेजारी शेजारी लावा आणि तिन्हींत ‘पिंग -टी’ सुरू करा. ही कमांड तुम्ही थांबवेपर्यंत दर सेकंदाला एक हाक मारत राहते. पहिल्या खिडकीत घरच्या राउटरचा पत्ता द्या. ‘आयपीकॉन्फिग’ चालवल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तो हा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत व्हीपीएन सर्व्हरचा बाहेरचा पत्ता द्या, आणि तिसरीत ऑफिसच्या संगणकाचा आतला पत्ता.

दुसऱ्या खिडकीत बरेच जण ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता टाकतात. तुमचा व्हीपीएन सगळीच वाहतूक बोगद्यातून नेत असेल, तर ही हाकही बोगद्यातूनच जाते आणि नुसत्या इंटरनेट लाइनबद्दल काहीच कळत नाही. व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याकडे जाणारी हाक मात्र सहसा बोगद्याबाहेरूनच जाते. तो पत्ता उत्तर देत नसेल, तर व्हीपीएन न जोडलेल्या, पण त्याच राउटरवर असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून ८.८.८.८ ला पिंग करा. तिसऱ्या खिडकीत उत्तर येत नसेल, तर समोरच्या विंडोजच्या फायरवॉलने पिंग अडवलेलं असण्याची शक्यता आहे. तिथे ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ गटातला ‘इको रिक्वेस्ट, आयसीएमपीव्ही४-इन’ हा नियम चालू करावा लागतो.

आता काम करत राहा आणि स्क्रीन गोठली की लगेच तिन्ही खिडक्यांकडे बघा. पहिलीच अडखळली, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. पहिली ठीक आणि दुसरी अडखळली, तर इंटरनेट लाइनचा. पहिल्या दोन्ही ठीक असून फक्त तिसरी थांबली, तर बोगद्याचा किंवा ऑफिसच्या बाजूचा.

तिन्ही खिडक्या सुरळीत चालू असताना स्क्रीन गोठते, असं सगळ्यात जास्त वेळा दिसतं. ‘नेटवर्क तर चांगलं आहे’ असं म्हणून लोक इथेच शोध सोडतात. पण विंडोजचं पिंग फक्त ३२ बाइटचं असतं. एवढी चिठ्ठी कुठल्याही फटीतून जाते. चित्राची मोठी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, अडकत असतील किंवा रिमोट डेस्कटॉपची दुसरी वाहिनी बंद पडली असेल, तर हे पिंग त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. पुढचे दोन भाग त्याबद्दल आहेत आणि बहुतेकांचा प्रश्न त्यातच सुटतो.

यूडीपी: पहिला संशय इथेच घ्या

टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती आहेत, आणि पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं प्रवेशद्वार. रिमोट डेस्कटॉप टीसीपी पोर्ट ३३८९ वर चालतो, हे बहुतेकांना माहीत असतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ सोबत आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो त्याच क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर आणखी एक वाहिनी उघडतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. आधी टीसीपी जोडली जाते, मग शक्य असेल तर यूडीपी, आणि चित्र-आवाजासारखा जड माल यूडीपीवर टाकला जातो. टीसीपी हरवलेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा मागवतो आणि ते येईपर्यंत मागचं सगळं रोखून धरतो. यूडीपीला अशी सक्ती नाही, त्यामुळे थोडी गळती असलेल्या लाइनवर चित्र जास्त सुरळीत चालतं. हेतू चांगलाच होता.

व्हीपीएनवर मात्र हीच सोय अंगाशी येते. मधली फायरवॉल यूडीपीची नोंद लवकर पुसते, यूडीपीचा ओघ पाहून त्याला हल्ला समजते, किंवा बोगदा क्षणभर तुटून पुन्हा जुळतो आणि जुनी यूडीपी वाहिनी अधांतरी राहते. मुख्य टीसीपी जोडणी जिवंत असते, त्यामुळे खिडकी ‘डिस्कनेक्टेड’ म्हणत नाही. चित्र तेवढं यायचं थांबतं. सुरुवातीला सांगितलेलं लक्षण, म्हणजे कळा पोचतात पण चित्र येत नाही आणि पुन्हा जोडताच सगळं ठीक होतं, ते बहुधा याचंच असतं. २०१९ च्या विंडोज १० आवृत्ती १९०३ नंतर अशा तक्रारी फार वाढल्या.

तुमची जोडणी यूडीपीवर आहे का, हे पाहणं सोपं आहे. पूर्ण स्क्रीनवर असताना वरच्या पट्टीत मोबाइलच्या रेंजसारखं दांड्यांचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की जोडणीचा दर्जा आणि यूडीपी चालू आहे की नाही, ते लिहून येतं.

बंद करायचं ते तुमच्या, म्हणजे घरच्या संगणकावर. विंडोज प्रो असेल, तर ‘जीपीएडिट’ उघडा आणि या वाटेने जा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ऍडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट. तिथलं ‘टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट’ हे ‘एनेबल्ड’ करा. बंद करण्याचं धोरण चालू करायचं आहे, हे लक्षात ठेवा. घाईत लोक नेमकं उलटं करतात. विंडोज होममध्ये जीपीएडिट नसतं. तिथे रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, टर्मिनल सर्व्हिसेस, क्लायंट असं जाऊन (शेवटची एक-दोन फोल्डर नसतील तर ती तयार करून) ‘एफक्लायंटडिसेबलयूडीपी’ नावाची ड्वर्ड नोंद करा आणि किंमत १ द्या. नाव सलग लिहायचं, मध्ये जागा नको. मग संगणक रीस्टार्ट करा, पुन्हा जोडा, दांड्यांवर क्लिक करा आणि यूडीपीचा उल्लेख गेला आहे याची खात्री करून घ्या.

घरी मॅक असेल किंवा वीस-पंचवीस जणांच्या संगणकावर एकेक करून हे करणं शक्य नसेल, तर ऑफिसच्या बाजूने करा. तिथे रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, कनेक्शन्स या गटात ‘सिलेक्ट आरडीपी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल्स’ आहे. ते ‘यूज ओन्ली टीसीपी’वर ठेवा. याची किंमत म्हणून दूरच्या संगणकावर व्हिडिओ पाहताना थोडी अडखळ जाणवेल. टॅली, एक्सेल, कोडिंग अशा कामांत फरक कळतही नाही.

याच्याशी संबंधित आणखी एक दोष २०२५ च्या सुरुवातीला दिसला होता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवरून सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुन्या सर्व्हरला यूडीपीवर जोडलं की बरोबर ६५ सेकंदांनी जोडणी तुटायची. त्याच सुमारास, फेब्रुवारीच्या अपडेटनंतर, सर्व्हर २०२५ वरची सेशन जोडल्यावर थोड्याच वेळात गोठत होती. मायक्रोसॉफ्टने दोन्ही दोष मान्य करून पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केले. अपडेट अडवून ठेवलेल्या यंत्रांवर ते अजूनही भेटू शकतात, म्हणून दोन्ही टोकांची अपडेटची तारीख एकदा बघाच.

पार्सल गोणपाटात शिवलं की मोठं होतं

एसटीने पार्सल पाठवताना खोकं गोणपाटात शिवून दिलं की त्याचा आकार थोडा वाढतोच. व्हीपीएन तेच करतो. तुमच्या पॅकेटला सांकेतिक रूप देतो आणि वर आपलं वेष्टन चढवतो. वाटेतल्या प्रत्येक दाराला मात्र ठरलेलं माप असतं. त्याला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर हे माप १५०० बाइट आहे. बीएसएनएलच्या फायबरसारख्या, युजरनेम-पासवर्ड देऊन पीपीपीओईने चालणाऱ्या जोडण्यांत ८ बाइट तिथेच जातात आणि १४९२ उरतात.

वायरगार्ड या व्हीपीएनचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा हिशेब स्वच्छ आहे. त्याचं वेष्टन आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइटचं असतं. तो आतल्या पॅकेटसाठी साधारणपणे १४२० हे माप धरतो. १४२० आणि ८० मिळून बरोबर १५००. पण घरी पीपीपीओई असेल आणि बोगदा आयपीव्ही६ वरून जात असेल, तर १४९२ मधून ८० वजा जाता १४१२ च उरतात. ८ बाइट कमी पडले! तेवढ्यावरून भरगच्च पॅकेट अडतात आणि छोटी सगळी पार होतात. म्हणून लॉगिन होतं, कारण त्यातली बहुतेक पॅकेट लहान असतात, आणि पहिलं मोठं चित्र यायच्या वेळी स्क्रीन काळी राहते. किंवा काम नीट चालतं, पण मोठी खिडकी उघडली किंवा मोठी पीडीएफ स्क्रोल केली की गोठतं.

खरं तर दार लहान असेल तर तिथला राउटर ‘माल मोठा आहे, लहान करून पाठवा’ अशी चिठ्ठी आयसीएमपीने (पिंगही याच पद्धतीने जातं) परत पाठवतो आणि पाठवणारा आकार कमी करतो. १९९० पासून ही पद्धत लिखित आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी अडवणाऱ्या फायरवॉल अजूनही लावल्या जातात. चिठ्ठी वाटेतच मरते, पाठवणारा त्याच आकाराचं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि आपण गोठलेल्या चित्राकडे बघत राहतो. आयसीएमपी सरसकट बंद करणं ही सुरक्षा नाही. इतर सगळ्यांना त्याचा त्रास मात्र होतो.

मोजायचं असं. व्हीपीएन जोडून ‘पिंग -एफ -एल १३९२’ आणि पुढे ऑफिसच्या संगणकाचा आतला पत्ता द्या. ‘-एफ’ म्हणजे तुकडे करू नको, ‘-एल’ म्हणजे एवढे बाइट भर. यात २८ बाइटचं शीर्ष मिळवायचं, म्हणजे १३९२ हे १४२० ची चाचणी करतात. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं उत्तर आलं, तर निदान कुणीतरी तुम्हाला माप सांगतंय. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं आणि ‘-एल १०००’ ला मात्र लगेच उत्तर मिळालं, तर मोठी पॅकेट गुपचूप गिळली जात आहेत. दहा-दहाने कमी करत जा. समजा १३४२ ला उत्तर आलं आणि १३५२ ला नाही, तर एमटीयू साधारण १३७० आहे. थोडी मोकळीक ठेवून १३५० लावा.

लावायची कमांड ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची. आधी ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस’ने व्हीपीएनच्या ऍडाप्टरचं नाव बघा, मग ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस’, अवतरणात ते नाव, ‘एमटीयू=१३५० स्टोअर=पर्सिस्टंट’. व्हीपीएन न तोडता रिमोट डेस्कटॉप बंद करून नव्याने जोडा. टीसीपीची दोन टोकं पॅकेटचं कमाल माप जोडणीच्या सुरुवातीलाच एकमेकांना सांगतात, त्यामुळे चालू सेशनला हा बदल पूर्ण लागू होत नाही. काही व्हीपीएन दर वेळी जोडताना आपलाच आकडा पुन्हा लिहितात. तिथे माप व्हीपीएनच्या कॉन्फिग फाइलमध्येच द्यावं लागतं: वायरगार्डमध्ये ‘एमटीयू’ची ओळ, ओपनव्हीपीएनमध्ये ‘एमएसएसफिक्स’. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ऑफिसच्या फायरवॉलवर बोगद्यासाठी टीसीपी एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या मालाचं कमाल माप, बांधून टाकणं. एमटीयूतून ४० वजा करायचे, म्हणजे १३५० ला १३१०. एकदा केलं की सगळ्यांचा प्रश्न मिटतो.

यूडीपी वाहिनीला हा आजार सहसा होत नाही. तिची पॅकेट १२३२ बाइटपर्यंतच ठेवायचा नियम आहे. म्हणून यूडीपी बंद केल्यावर पूर्वी नसलेली काळी स्क्रीन दिसू लागली, तर घाबरून यूडीपी परत चालू करू नका. आता एमटीयूचा दोष उघडा पडला आहे, तो दुरुस्त करा.

तुंबलेली वाट

अक्षरं उशिरा आणि मग एकदम येत असतील, तर व्हीपीएन कशावर चालतो ते बघा. काही व्हीपीएन टीसीपी ४४३ वरून जातात. आत रिमोट डेस्कटॉपचा टीसीपी, बाहेर व्हीपीएनचा टीसीपी. एक पॅकेट हरवलं की बाहेरचा ते पुन्हा मागवतो आणि तोवर आतल्याचीही मुदत संपून तोही पुन्हा पाठवू लागतो. लाइन आधीच अडखळत असते, त्यात दुप्पट माल. व्हीपीएन क्लायंटच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ किंवा ‘डिटेल्स’ पानावर प्रोटोकॉल लिहिलेला असतो. डीटीएलएस (टीएलएसचा यूडीपीवरून जाणारा प्रकार), आयपीसेक, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन यूडीपी असेल तर उत्तम. नुसतं टीएलएस किंवा एसएसटीपी दिसलं, तर डीटीएलएसचा पर्याय चालू करता येतो का ते आयटी विभागाला विचारा. रिमोट डेस्कटॉपचा यूडीपी बंद करायचा आणि व्हीपीएनचा चालू ठेवायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्ही वेगळ्या थरांवरच्या गोष्टी आहेत.

दुसरं कारण घरातच असतं. मोबाइल चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अपलोड भरतं, राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते आणि दुसऱ्या खिडकीतलं पिंग २० मिलिसेकंदांवरून ६०० वर जातं. बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा तशी रांग आवरणारी सोय असेल, तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. पहिल्याच खिडकीत उड्या दिसत असतील, तर दहा मीटरची लॅनची वायर लावून बघा. तिच्याइतकी स्वस्त आणि निर्णायक चाचणी दुसरी नाही. वायर शक्य नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर या, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

घड्याळाची साक्ष

चहा घेऊन परत आलं की हमखास गोठलेलं असतं? मग मधल्या राउटरने शांत पडलेल्या जोडणीची नोंद पुसली आहे. घरगुती राउटर यूडीपीची नोंद कधी कधी ३० सेकंदांतच टाकून देतात. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ २५ ठेवा. ऑफिसच्या होस्टवर, म्हणजे तुम्ही ज्याला जोडता त्या संगणकावर, ‘कॉन्फिगर कीप-अलाइव्ह कनेक्शन इंटरव्हल’ चालू करून १ मिनिट द्या.

बरोबर तासाने गोठत असेल, तर व्हीपीएनच्या सांकेतिक किल्ल्या बदलण्याची वेळ तपासा. ओपनव्हीपीएन मुळात दर ३६०० सेकंदांनी नव्याने किल्ल्या ठरवतो. लॉगिनला ओटीपी असेल, तर त्या वेळी जुनाच ओटीपी पुन्हा पाठवला जातो आणि सर्व्हर तो नाकारतो. हे सर्व्हरच्या बाजूनेच सोडवावं लागतं.

कॉपी-पेस्ट करतानाच अडकत असेल, तर नेटवर्कला दोष देऊ नका. दूरच्या संगणकावर टास्क मॅनेजरमध्ये ‘आरडीपीक्लिप’ हा कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवा. जोडण्याआधी ‘लोकल रिसोर्सेस’मधून ड्राइव्ह आणि प्रिंटरच्या खुणा काढून ठेवा. घरच्या बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत तिकडचा फाइल एक्सप्लोरर थांबून राहतो. व्हीपीएन नसतानाही, ऑफिसच्या आतूनसुद्धा काळी स्क्रीन येत असेल, तर होस्टवर ‘रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट’ गटातला डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हरचा पर्याय ‘डिसेबल्ड’ करून रीस्टार्ट करा.

व्हीपीएनच्या कटकटीला कंटाळून पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटवर उघडण्याचा सल्ला कुणी देईल. तो मुळीच ऐकू नका. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप त्रुटीत पासवर्डशिवायच जुन्या विंडोजचा ताबा घेता येत होता. उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. व्हीपीएन नकोच असेल, तर रिमोट डेस्कटॉप गेटवे बसवा. तो ४४३ वर एचटीटीपीएसने चालतो.

आयटी विभागाला कळवताना ‘सारखं हँग होतं’ एवढंच लिहू नका. त्यांना उपयोगी पडेल अशी तक्रार साधारण अशी असते: ‘मंगळवारी ११:४२ ला स्क्रीन गोठली, ११:४४ ला पुन्हा जोडली. राउटर आणि व्हीपीएन सर्व्हरचं पिंग चालू होतं, आतल्या संगणकाचंही चालू होतं. घरी पीपीपीओई, व्हीपीएन डीटीएलएसवर. पिंग १३४२ पर्यंत जातं, त्यापुढे टाइम-आउट. दांड्यांच्या चिन्हात यूडीपी चालू दिसत होतं.’ एवढं हातात असलं की ते होस्टच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘आरडीपीकोअरटीएस’ नोंदवहीत ११:४२ च्या आसपासची १३१ क्रमांकाची नोंद उघडतील. नवी जोडणी टीसीपीवर आली की यूडीपीवर, ते तिथे लिहिलेलं असतं.